टोकनमामा अवजार निवडतात

कोर्टाच्या मोठ्या गेटावर एक टेबल आहे, टेबलावर निळा प्लॅस्टिकचा ट्रे आहे आणि ट्रेमागे टोकनमामा आहेत. बावीस वर्षं झाली, आहेत. आत जाणाऱ्यानं खिशातलं जे काही धारदार, टोकदार, कापणारं, भोसकणारं असेल ते ट्रेमध्ये टाकायचं, मामांकडून पितळेचं टोकन घ्यायचं, आणि बाहेर येताना टोकन देऊन आपली वस्तू परत न्यायची. न्यायाधीश बदलले, इमारतीचा रंग दोनदा बदलला, मामा तिथल्या तिथेच. त्यांचं खरं नाव फक्त पगाराच्या कागदावर. बाकी वकिलांपासून आरोपींपर्यंत सगळ्यांचे ते टोकनमामा.

आता तुम्ही म्हणाल, ट्रे सरकवणाऱ्या माणसाला अवजारांतलं काय कळणार! अहो, ज्यानं बावीस वर्षं लोकांच्या खिशातल्याच वस्तू बघितल्या, त्याला नाही कळणार तर कुणाला? चाकूच्या पात्याला संत्र्याचा वास आला की मामा ओळखायचे, हा डबा घेऊन आलाय, ह्याचं काम दिवसभर चालणार. पकडीच्या तोंडाला काळा डाग दिसला की वायरमन. आणि ते घडीचं मल्टिटूल, पक्कड, चाकू, कानस, कात्री सगळं एकाच मुठीत, त्याला अजून कारखान्यातल्या तेलाचा वास येत असला की हा गृहस्थ ते नुसतं दाखवायला बाळगतो. मामा चुकायचे नाहीत.

पण गंमत बघा. स्वतः मामांकडे साधं नेलकटरसुद्धा नव्हतं. खिशात रुमाल, चष्म्याचं घर आणि किल्ली. रोज सकाळी मामांनाही त्याच दारातून आत यायचं असायचं, मग स्वतःच स्वतःला टोकन देत बसायचं का? त्यापेक्षा काही बाळगायचंच नाही. घरातले ढिले स्क्रू बायको सुरीच्या टोकानं पिळायची. त्या घरात एकाही सुरीचं टोक सरळ नव्हतं.

असं सगळं सुखानं चाललेलं असताना लेकीला नोकरी लागली.

नोकरी लागली म्हणजे आनंदच व्हायचा. पण लागली कुठे, तर पवनचक्क्यांवर. ऑफिसात बसून पवनचक्क्यांचे कागद करायला नव्हे हं. खुद्द पवनचक्कीच्या आत शिडीनं ऐंशी मीटर चढायचं आणि वर जाऊन यंत्र दुरुस्त करायचं. एकुलती एक पोर, शाळेत असल्यापासून घरातला मिक्सर, रेडिओ, इस्त्री उघडून बसणारी. तिनं हे निवडलं ह्यात नवल काहीच नव्हतं. नवल फक्त मामांना वाटलं.

कारण मामांना उंचीची भीती. साधीसुधी नाही. तिसऱ्या मजल्यावरच्या गॅलरीत वाळलेले कपडे काढायला गेले तरी भिंतीला पाठ घासत जायचे. घरातला दिवा गेला तर स्टुलावर बायको चढणार आणि मामा खाली स्टूल धरणार, तेही डोळे मिटून.

लेकीनं विचारलं, "बाबा, जाऊ ना?"

मामा म्हणाले, "बघू."

त्या घरात 'बघू' म्हणजे काय ते मांजरालाही ठाऊक होतं. नाही म्हटलं तर भांडण करता येतं, हो म्हटलं तर बॅग भरता येते. 'बघू'चं काय करायचं? लेक ट्रेनिंगला जाऊन आली, पास झाली, पत्र आलं. पहिल्या तारखेला हजर व्हायचं होतं. मामांचं आपलं बघूच. त्यांनी ना पत्र वाचलं, ना गाव कुठलं ते विचारलं. गेटावरच्या लोकांना तर त्यांनी सांगून टाकलं होतं की लेक वीज कंपनीत लागली, टेबलाचं काम आहे.

पण पोर कुणाची! अठरा दिवस उरले तेव्हा तिनं जेवताना सहज बोलल्यासारखं काढलं, "बाबा, कंपनी हेल्मेट देते, पट्टा देते, बूट देते. फक्त खिशातलं मल्टिटूल ज्याचं त्यानं आणायचं. रोज अंगावर असणार ते. तुम्ही निवडून द्याल? तुमच्याइतकी कुणी बघितली आहेत?"

मामांचा घास हातातच राहिला. डाव त्यांना बरोब्बर कळला. अवजार निवडून दिलं म्हणजे जा म्हटलं. नाही दिलं, तरी ती जाणारच, फक्त बापाला न पटलेल्या कामावर गेली असं होणार, आणि ते दोघांच्या मनात कायमचं राहणार. बायकोनं ताटातून वर न बघता विचारलं, "काय हो, भाजी हवीये का?" मामा म्हणाले, "बघू." आणि मग, कसं कोण जाणे, म्हणाले, "बघतो. अवजार बघतो."

दुसऱ्या दिवसापासून गेटावर चौकशी सुरू झाली.

ज्याच्या खिशातून मल्टिटूल निघेल त्याची धडगत नव्हती. पूर्वी मामा ट्रे सरकवून टोकन हातात ठेवायचे, संपलं. आता चष्मा चढवून विचारायचे, "कधीपासून वापरता? सगळ्यात जास्त काय लागतं? हाताला टोचतं का?" नळजोडणीवाला म्हणाला, पक्कड दणकट हवी, बाकी सगळी शोभा. बागकाम करणाऱ्या बाई म्हणाल्या, पक्कड काय करायचीये, पातं बघा पातं. एका मोठ्या वकिलीणबाईंनी फक्त बाटलीचं बूच काढायचा स्क्रू वापरल्याचं कबूल केलं आणि हे कुणाला सांगू नका म्हणाल्या. एक निवृत्त मास्तर म्हणाले, "ह्यातली दात कोरायची काडी फार उत्तम आहे. बाकीचं मी अजून उघडलेलं नाही."

मामा सगळं वहीत लिहून घेत होते आणि रांग गेटाबाहेर, तिथून फुटपाथवर, तिथून कोपऱ्यावरच्या झेरॉक्सच्या दुकानापर्यंत चालली होती. पलीकडच्या टेबलावर बायकांच्या पर्स तपासणारी जोडीदारीण होती, तिच्या गळ्यात सदा शिट्टी असायची म्हणून तिला शिट्टीबाई म्हणत. ती ओरडली, "मामा, आवरा! साक्षीदार आत पोचेपर्यंत काय बघितलं ते विसरून जातील!"

"विचारल्याशिवाय कसं कळणार?"

"अहो, दहा दिवस झाले. एवढ्यात लोक घर घेऊन मोकळे होतात."

खरंच दहा दिवस झाले होते. आणि एवढ्या दिवसांत मामांना एकही पसंत पडलं नव्हतं. हे जड, खिसा फाटेल. ते हलकं, पक्कड वाकेल. ह्याला करवत आहे, करवत कशाला? त्याला करवत नाही, लागली तर? एकाची कात्री बारीक, एकाची कड बोटाला लागते, एकाचा रंग मामांना आवडला नाही. रंग! वर्षानुवर्षं खाकी शर्ट घालणारा माणूस रंगावरून नाक मुरडत होता. खरं कारण मामांना आतून माहीत होतं, पण ते वहीत लिहिण्यासारखं नव्हतं. चांगलं अवजार सापडलं की पोर जाणार.

शेवटी पाच दिवस उरले तेव्हा मामांनी एकदम घेऊन टाकलं. घरी आले ते ताठ मानेनं. खोका टेबलावर ठेवला. "उघड," म्हणाले, "सगळ्यात उत्तम. बावीस वर्षांचा अनुभव आहे ह्यात."

लेकीनं उघडलं. पक्कड उघडली, छान होती. स्क्रूड्रायव्हर काढले, कानस काढली, पट्टी काढली. मग उलटं केलं, पालटं केलं, दिव्याखाली धरलं.

"बाबा, ह्यात चाकू कुठेय?"

"नाहीच आहे!" मामा खुशीत म्हणाले. "तेच तर! खास बिनचाकूचं मागून घेतलं. जगातल्या कुठल्याही गेटावर तुला कुणी अडवणार नाही. टोकन नको, काही नको. सरळ आत."

बायको हसता हसता खुर्चीवर बसली. "अहो," तिला बोलवेना, "अहो, पोर टॉवरवर चढणारेय, कोर्टात नाही!"

लेक मात्र हसली नाही. "वर गेट नसतं, बाबा," ती म्हणाली. "वर दोर असतो. अडकला तर कापावा लागतो."

"अडकतो?" मामांनी विचारलं.

"कधी कधी."

"मग?"

"मग कापायचा. म्हणून तर चाकू." तिनं ते मल्टिटूल मिटून खोक्यात ठेवलं, खोका बंद करून नीट मामांच्या बाजूला सरकवला. "राहू दे. मी घेते माझं मी. तुम्ही नका त्रास करून घेऊ."

ती रागावली असती तर चाललं असतं. आदळआपट केली असती तर मामांनीही आवाज चढवला असता आणि दोघं मोकळे झाले असते. पण 'त्रास करून घेऊ नका' म्हणजे आता तुमच्याकडून काही नको. मामांना ते लागलं. इतकं लागलं की रोज बातम्या लागल्या की खुर्चीतच डुलक्या घेणारा माणूस त्या संध्याकाळी टक्क जागा होता आणि बातम्या कसल्या होत्या ते त्याला सांगता आलं नसतं.

दुसऱ्या दिवशी गेटावर चौकशी बंद होती. वही पिशवीतच. रांग भराभर सरकत होती आणि शिट्टीबाई दोनदा विचारून गेली, बरं वाटत नाहीये का?

अकराच्या सुमाराला एक काळासावळा, रापलेला माणूस आला. खांद्याला दोराचे घट्टे पडलेले, शर्टाच्या गळ्यातून दिसत होते. उंच इमारतींच्या बाहेरून दोरावर लटकून काचा पुसायचं त्याचं काम, आणि एका भांडणात साक्ष द्यायला आला होता. त्यानं कमरेचं मल्टिटूल काढून ट्रेमध्ये ठेवलं. कडा झिजून चकचकीत झालेल्या, आणि मागच्या कडीला हातभर लांब जाड दोरी बांधलेली.

मामांना राहवलं नाही. "पातं किती लांब आहे हो?" त्यांनी विचारलं.

"मामा, ते विचारूच नका. उघडून दाखवा मला."

मामांनी डाव्या हातात मल्टिटूल धरलं, उजव्या हाताच्या नखानं पातं खेचलं. निघालं.

"पडलात," माणूस म्हणाला.

"काय?"

"खाली पडलात तुम्ही. गेलात. दोन्ही हात अवजाराला दिलेत, मग धरलं कशानं?" त्यानं डावा हात मेटल डिटेक्टरच्या चौकटीला घातला, घट्ट, आणि उजव्या हाताच्या नुसत्या अंगठ्यानं पातं ढकललं. खट्. पुन्हा अंगठ्यानंच कळ दाबून मांडीवर टेकवून मिटवलं. "किती कामं करतं ते कुणीही सांगेल. दुसरा हात मोकळा ठेवतं का, ते बघायचं. आणि ही दोरी. हातातून निसटलं तर लोंबकळत राहतं. खाली माणसं असतात ना."

चौकट हलल्यामुळे मेटल डिटेक्टर कोकलायला लागला. मागचे वकील घड्याळ बघायला लागले. मामांना कशाचंच भान नव्हतं. आपण इतके दिवस चाकूच्या लांबीत आणि कात्रीच्या धारेत डोकं घातलं, आणि पोरीच्या दुसऱ्या हाताचा विचार एकदाही केला नाही, ह्याची त्यांना भयंकर लाज वाटली. त्यांनी त्या माणसाला टोकन दिलं आणि त्याचे आभार मानायचेही विसरले. तो साक्ष देऊन परत आला तेव्हा मात्र उठून उभे राहिले.

दुपारी मामांनी अर्ध्या दिवसाची रजा घेतली. मामा रजेवर, ही बातमी कॅन्टीनमध्ये त्यांच्या आधी पोचली. शिट्टीबाईनं विचारलं, "कुठे एवढं तातडीनं?"

"लेकीला मल्टिटूल घ्यायचंय. ती पवनचक्कीवर चढणार आहे. ऐंशी मीटर."

"आँ? टेबलाचं काम म्हणाला होतात ना?"

"खोटं बोललो होतो," मामा म्हणाले आणि निघाले.

पहिलं मल्टिटूल जिथून घेतलं होतं, त्या हार्डवेअरच्या दुकानातल्या काकूंनी त्यांना ओळखलं. "बदलून मिळणार नाही हं," त्या आधीच म्हणाल्या.

"बदलून नकोय. एका हातानं उघडणारी सगळी काढा. आणि शिडी द्या."

"शिडी पण घ्यायचीये?"

"घ्यायची नाहीये. चढायचंय."

काकूंनी आधी मामांकडे बघितलं, मग शिडीकडे. पण गिऱ्हाईक म्हटलं की काय काय बघावं लागतं हे त्यांना नवीन नव्हतं. शिडी मांडली. मामांनी तिला दोन वेळा हलवून बघितलं, तिसऱ्यांदा हलवून बघितलं, आणि पाय ठेवला.

पहिली पायरी ठीक. दुसरीवर त्यांनी खाली बघितलं, ती चूक झाली. तिसरीवर ते शिडीला बिलगले. चौथीवर शिडी अशी हलायला लागली की तिच्याबरोबर रंगाच्या डब्यांचं कपाटही खुळखुळायला लागलं. खिळे घ्यायला आलेली दोन गिऱ्हाइकं खिळे विसरून बघत उभी राहिली.

"उतरा हो मामा," काकू म्हणाल्या. "जमिनीवरून बघा ना काय बघायचंय ते!"

"जमिनीवरून कळत नाही," मामा दात आवळून म्हणाले. "पहिलं द्या."

डाव्या हातानं त्यांनी शिडी कवटाळली. उजव्या हातात काकूंनी पहिलं मल्टिटूल दिलं. उघडेना. अंगठ्याचं नख तुटलं. "नको." दुसरं उघडलं, पण पातं अडकून राहीना, बोटावर मिटलं. रक्ताचा थेंब खाली फरशीवर पडला आणि तो पडताना मामांनी बघितला. चार पायऱ्या. आणि किती वेळ लागला त्याला पोचायला! ऐंशी मीटर किती असतात हे त्यांना तेव्हा कळलं, आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं ते बोटामुळे नव्हतं.

"लागलं का?" काकूंनी घाबरून विचारलं.

"तिसरं द्या."

तिसरं नको, चौथं नको. पाचव्याला पात्याच्या बुडाशी अंगठ्याएवढं भोक होतं. मामांनी अंगठा ठेवला, ढकलला. खट्. पातं बाहेर आलं आणि जागेवर घट्ट बसलं. हलवलं, हललं नाही. कळ दाबली, शिडीच्या दांड्यावर टेकवलं, मिटलं. पुन्हा उघडलं. घामानं ओल्या झालेल्या हातानं उघडलं. डोळे मिटून उघडलं. मग काकूंचा कातडी हातमोजा मागून घेतला आणि तो घालून उघडलं. मागे दोरी बांधायला कडीही होती. मामा उघडत होते, मिटवत होते, आणि डावा हात शिडीवरून तसूभरही हलला नव्हता.

"हे," ते म्हणाले.

"मग उतरा आता."

"तेच जमत नाहीये," मामा म्हणाले.

एका गिऱ्हाइकानं शिडी धरली, काकूंनी मामांचा घोटा धरून एकेक पाय पायरीवर टेकवला. फरशीवर आल्यावर मामा खिळ्यांच्या पोत्यावर पाच मिनिटं बसून राहिले. काकूंनी बोटाला पट्टी बांधली आणि दोरी आपल्या हातानं कापून दिली.

घरी लेक बॅग भरत होती. बायको जाड पायमोजे गोल गुंडाळून तिच्या हातात देत होती. मामांनी मल्टिटूल बॅगेवर ठेवलं. खोका नाही, कागद नाही. दोरीची गाठ त्यांनी बसमध्येच मारली होती.

लेकीनं उचललं. नखानं पातं शोधायला गेली, मग भोक दिसलं. अंगठा लावला. खट्. ती तशीच बघत राहिली.

"एका हातानं उघडतं," ती म्हणाली.

"हं."

"आमच्या ट्रेनिंगच्या सरांनी हेच सांगितलं होतं. तुम्हाला कुणी सांगितलं?"

"एकानं सांगितलं. पण मी बघून घेतलं. शिडीवर चढून."

बायकोच्या हातातला मोजा खाली पडला. "कोण चढलं?"

"मी."

"तुम्ही?" लेक म्हणाली. "शिडीवर? किती पायऱ्या?"

"चार."

ह्या घराबाहेरच्या कुणाला चार पायऱ्यांचं काय वाटणार! पण त्या दोघींना माहीत होतं. लेक आधी हसली, मोठ्यानं, आणि मग तिला बापाच्या बोटाची पट्टी दिसली आणि हसणं मध्येच थांबलं. ती पलंगाच्या कडेवर बसली.

"भीती वाटली?"

"खूप," मामा म्हणाले. "उतरता येईना. दुकानातल्या बाईंनी पाय धरून उतरवलं."

"मलाही वाटते, बाबा." ती मल्टिटूलशी खेळत राहिली, वर बघितलं नाही. "ट्रेनिंगमध्ये पहिल्या दिवशी मी वर जाऊन रडले. अजूनही दर वेळी चढताना हात गार पडतात. तुम्हाला सांगितलंच नाही. सांगितलं असतं तर तुम्ही..."

महिनाभर मामा ह्याच एका वाक्यासाठी टपून बसले होते. मला भीती वाटते, एवढं पोरीच्या तोंडून निघू दे, की 'मग नको जाऊस' हे उत्तर त्यांनी कधीचं तयार ठेवलं होतं. ती मोडली असती. थांबलीही असती कदाचित. बायको खाली वाकली होती ती मोजा न उचलताच तशीच थांबली, आणि मामांकडे बघत राहिली.

मामांनी लेकीच्या हातातली दोरी घेतली. गाठ जोरात ओढून बघितली, आणखी एक गाठ मारली, तीही ओढून बघितली.

"बस किती वाजताची आहे?" त्यांनी विचारलं.

लेकीनं मान वर केली. "पहिल्या तारखेला. सकाळी सहा चाळीसची."

"मग पाचला उठावं लागेल," मामा म्हणाले. "तिघांनाही."